धाकलूमामाचे तीन सेकंद

यंदाच्या लग्नसराईत चौकपासून कर्जतपर्यंत टेंपोवर वाजणारं एकही गाणं आपल्या गाण्यासमोर टिकणार नाही, असं दशरथने छातीवर हात ठेवून सांगितलं! सांगितलं कुणाला, तर बायकोला. सुनंदा तेव्हा भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही. बारा वर्षांच्या संसारात तिने अशी वाक्यं पुष्कळ ऐकली होती. कोंबड्या पाळल्या तेव्हा ऐकली, मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा ऐकली, बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागला तेव्हा तर रोज ऐकली. कोंबड्या मेल्या, लोक मोबाईल दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्यायला लागले आणि बेंजो पार्टी भांडून फुटली. टिकल्या त्या सुनंदा आणि भाकऱ्या.

"किती लागतील?" तिने विचारलं.

"कशाला?"

"टिकनार नाय म्हनायला. किती लागतील?"

दशरथने घसा खाकरला. "जास्त नाय गं. दोन-चार प्लगिन घ्यायची हायेत. एकदा घेतली की जन्माचं काम."

"दोन हजार. त्याच्या वर एक रुपया नाय. आनि ह्या खेपेला पयलंच काम फसलं, तर त्याच्या पुढच्या सोमवारी कुंभिवली. दादानं सायबाला सांगून ठेवलंय."

कुंभिवलीत एका कंपनीत खोक्यांना चिकटपट्टी लावायचं काम होतं. दशरथने ते पूर्वी दोन वर्षं केलं होतं. त्या दोन वर्षांत त्याला स्वप्नंसुद्धा चिकटपट्टी ओढल्याच्या आवाजाची पडत. परत तिथे जायचं नव्हतं. चाळिशीला टेकलेला माणूस, आता आणखी एकदा हरायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. खरं सांगायचं तर जिंकायचीही फारशी नव्हती. पण स्टुडिओ मात्र त्याला हवा होता.

स्टुडिओ म्हणजे जुन्या हायवेवर शब्बीरभाईच्या गॅरेजमागे पडलेला ट्रकचा एक बंद डबा. आत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दारावर जुनी गादी टांगलेली आणि बाहेर पाटी : 'दशरथ डिजिटल साउंड'. पाटी छान होती. आतल्यापेक्षा पाटीवरच जास्त खर्च झाला होता.

आता प्लगिन म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. गाणं कॉम्प्युटरवर घेतलं की ते नुसत्या उकडलेल्या भाजीसारखं लागतं. त्याला फोडणी द्यायची, मीठमसाला बघायचा, कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली करायचा आणि शेवटी असं काही झाकण लावायचं की टेंपोवरच्या भोंग्यातून ते अंगावर आलं पाहिजे. ही सगळी कामं करणारी छोटी छोटी यंत्रं कॉम्प्युटरच्या आत बसवतात. ती प्लगिनं. ती विकत मिळतात, फुकटही मिळतात, आणि कुठलं घ्यावं हे सांगणारे लोक तर अगणित मिळतात!

दशरथने तीन आठवडे त्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. एक म्हणाला, हे एकच घ्या, बाकी सगळा कचरा. दुसरा म्हणाला, ते कचरा, हे घ्या. तिसरा टोपीवाला म्हणाला, प्लगिन महत्त्वाचं नाही, कान महत्त्वाचे. आणि मग त्याने स्वतःचं प्लगिन विकायला काढलं. एकाचं दुकान 'सवलतीचे शेवटचे दोन तास' असं लाल अक्षरांत सांगत होतं. घड्याळ उलटं पळत होतं. दशरथने धडधडत्या छातीने दोन तास विचार केला. वेळ संपली, आणि घड्याळ पुन्हा दोन तासांवर आलं.

शेवटी त्याने फुकट ते पौष्टिक असं धोरण स्वीकारलं. सत्तेचाळीस प्लगिनं उतरवली. त्यात अकरा कंप्रेसर होते.

"अकरा?" शब्बीरभाई म्हणाला. पंक्चर काढता काढता तो डब्याच्या दारात येऊन बसायचा. "अरे, माझा एक कंप्रेसर हाय, त्याच्यावर सगळ्या हायवेच्या गाड्या चालल्यात. तुला एका गाण्याला अकरा कशाला रे?"

"तसला नाय, शब्बीरभाई. हा आवाज दाबतो."

"आवाज दाबायचा आन् मग टेंपोवर मोठा करायचा?"

"हां."

शब्बीरभाईने आपला ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "चहा पी," तो म्हणाला.

सत्तेचाळीस प्लगिनं बसल्यावर लॅपटॉपला जाग यायला तेवढाच वेळ लागू लागला, जेवढा कुकरच्या तीन शिट्ट्यांना लागतो. आणि एवढं करून गाणं काही अंगावर येईना. तेव्हा दशरथला ते सापडलं. शेवटचं झाकण लावणारं, एकट्याने सगळं करणारं, सोनेरी काट्यांचं प्लगिन! किंमत अडीच हजाराला एक रुपया कमी. सुनंदाच्या हद्दीच्या पाचशेने बाहेर. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की चौदा दिवस फुकट वापरून बघा. त्याच्याखाली आणखी बारीक अक्षरांत इंग्रजीतला हातभर मजकूर होता. तो शेवटपर्यंत वाचलेला माणूस जगात जन्मायचा आहे. दशरथने 'मान्य' दाबलं.

काम होतं जयवंताकाकांचं. काका डोंगराखालच्या वाडीतले, त्यांच्या तेजश्रीचं लग्न. त्यांच्यात हळदीला धवलारीण लागते. ती मांडवात बसून देवादिकांना आणि मग घरच्या एकेका माणसाला नाव घेऊन गाण्यातून बोलावते. पण हल्ली धवलारणी उरल्यात किती! अंबाबाई एक आणि तिथीला लग्नं तीन. शनिवारी तिला नेरळकडच्या लग्नाची सुपारी आधीच आलेली. म्हणून काकांनी डोकं लढवलं, की तिचं गाणं आधीच दशरथकडे भरून घ्यायचं, मागे ढोलकी, बेंजो टाकायचा आणि टेंपोवर वाजवायचं. वाडीत हे पहिल्यांदाच होणार होतं. जमलं, तर आजूबाजूच्या बारा वाड्या दशरथच्याच डब्यापुढे रांग लावणार होत्या.

काकांनी फक्त एकच गोष्ट तीनदा बजावली.

"दशरथ, बाकी कुनाचं नाव ऱ्हायलं तरी मी बगून घेन. पर धाकलूमामाचं ऱ्हाता कामा नाय. हरेक कडव्यात पायजे."

धाकलूमामा म्हणजे काकांचा मेहुणा, नवरीचा मामा. मामाने हात धरून पाटावर बसवल्याशिवाय नवरीला हळद लावायची नाही, ही त्या घराची रीत. आणि मामा रुसण्यात पटाईत. मागे एका पुतण्याच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव 'व समस्त मामा मंडळी' यात गेलं, तर तो चार तास रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला होता. वऱ्हाड निघून गेलं तरी उठला नाही!

बुधवारी अंबाबाई डब्यात आली. अंड्यांचे ट्रे बघून म्हणाली, "कोंबड्या कुठं हायेत?" मग पदर सावरून बसली. "मी येकदाच म्हननार, सांगून ठेवते." आणि खरंच एकदाच म्हटलं. पण काय म्हटलं! एकेक कडव्यात आजा आला, आजी आली, चुलते आले, आत्या आली आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी आवाज चढवून :

कोण आला गं मांडवाला?
धाकलू मामा आला गं!

दशरथच्या अंगावर काटा आला. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडतंय, असं त्याला कितीतरी वर्षांनी वाटलं. त्याने कडव्यांची जुळणी इतकी नेमकी केली की प्रत्येक कडवं बरोबर चाळीस सेकंदांचं झालं. ना एक मात्रा इकडे, ना तिकडे.

गाणं तो हेडफोन लावून ऐके. त्या हेडफोनची वायर तीन वर्षांपासून सैल होती. मान जरा जोरात हलली की आवाज गुल, मग पिनेजवळ चिमटीत धरून दाबायची, की परत. नव्या हेडफोनचे पैसे नेहमीच कशाततरी जात. तर शेवटचं सोनेरी झाकण लावून दशरथ ऐकायला बसला. आवाज काय खुलला होता! 'कोण आला गं मांडवाला' आलं, त्याने खुशीत मान डोलावली आणि आवाज गेला. त्याने वायर दाबली. एक, दोन, तीन, आला. पुढच्या कडव्यालाही तिथेच गेला. साहजिक होतं, तिथेच तर मान डोलत होती! दाबली, आला. सहाच्या सहा कडव्यांना तो वायर दाबत राहिला आणि सहाच्या सहा वेळा वायरने त्याचं ऐकलं. लग्नसराई झाली की वायर बदलायची, असं त्याने मनाशी ठरवलं आणि गाणं पेनड्राइव्हवर उतरवलं.

इंग्रजीतल्या त्या हातभर मजकुरात एवढंच म्हटलं होतं, की फुकट वापरणाऱ्याचा आवाज दर चाळीस सेकंदांतले शेवटचे तीन सेकंद बंद राहील.

शनिवारी संध्याकाळी पाचला वाडीत हळद सुरू झाली. मांडवाच्या तोंडाशी टेंपो, टेंपोवर माणसाच्या उंचीचे भोंगे, आणि वर डीजेवाला नामा काळा चष्मा लावून उभा. दशरथने पेनड्राइव्ह दिला आणि इस्त्रीचा शर्ट नीट करत खाली उभा राहिला. गाणं सुरू झालं. ढोलकीचा पहिला ठेका पडला आणि म्हाताऱ्यासुद्धा उठल्या! धाकलूमामा डोक्याला नवाकोरा फेटा बांधून मधोमध नाचत होता. आजा आला, आजी आली, चुलते आले.

कोण आला गं मांडवाला?

सगळं शांत. भोंगे गप्प. मांडवात फक्त पाचपन्नास पायांचा धप् धप् आवाज. मग ढोलकी पुन्हा सुरू आणि दुसरं कडवं.

"जनरेटर!" कुणीतरी ओरडलं. नामाने जनरेटरकडे पाहिलं. जनरेटर मजेत धूर सोडत होता.

दुसरं कडवं. कोण आला गं मांडवाला? शांतता. दशरथ सवयीने टेंपोवर चढला आणि दिसेल ती वायर चिमटीत धरून दाबायला लागला. तीन सेकंदांनी आवाज आला. "बगा, वायर व्हती!" तो म्हणाला.

तिसऱ्या कडव्याला त्याने दोन्ही हातांनी दोन वायरी दाबून धरल्या होत्या. तरीही शांतता. आणि मग त्याला सगळं समजलं. हातभर मजकूर, 'मान्य', सोनेरी काटे. त्याच्या डोळ्यांपुढे चिकटपट्टी दिसायला लागली.

धाकलूमामाचे हात खाली आले. चौथ्या कडव्याला तो नुसता उभा राहून ऐकत होता. आजा आला, आजी आली, आत्या आली. कोण आला गं मांडवाला? कोणी नाही.

"कोनीच नाय आला," मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. आणि चपला शोधायला लागला.

"नाव कापलंय बरं का!" एक आत्या दुसरीला म्हणाली. "माप घेऊन कापलंय. त्या फणसाच्या झाडावरून."

"कुठल्या फणसाच्या?"

"बांधावरच्या. मागल्या साली वाद झाला नाय का?"

पाचव्या कडव्यापर्यंत फणसाची गोष्ट मांडवभर झाली, आणि सहाव्यापर्यंत तर मामाच्या बाजूची माणसं उजवीकडे, काकांच्या बाजूची डावीकडे अशी दोन टोळकी पडली. पाटाशी तेजश्री पिवळी साडी नेसून खोळंबली होती. मामा गेला तर हळद थांबणार, हळद थांबली तर रविवारचं लग्न थांबणार! काका टेंपोपाशी आले. ते ओरडले असते तर दशरथला बरं वाटलं असतं. पण ते अगदी हळू आवाजात बोलले.

"दशरथ, मी तुला काय सांगितलं व्हतं रं?"

"काका, गाणं बंद करतो. दुसरं लावतो."

"बंद नको करू! बंद केलं, का त्याला वाटंल, पकडलो गेलो म्हनून बंद केलं. तू कायबी कर, पर त्याला आन."

मामा तोवर रस्त्यावर जाऊन कर्जतच्या मिनीडोअर रिक्षात बसलाही होता. पण मिनीडोअर सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरणार कुठून? सगळी वाडी तर हळदीला! डायव्हरसुद्धा उठून मांडवात जिलेबी बघायला आलेला. रिकाम्या गाडीत मामा एकटा, ताठ मानेने, कर्जतकडे तोंड करून बसला होता. आणि नामाने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं. डोंगराला आपटून आवाज येत होता : कोण आला गं मांडवाला? मग शांतता.

दशरथला एकदम फार दमल्यासारखं झालं. वाटलं, आपणही त्या मिनीडोअरमध्ये जाऊन बसावं. सीट तरी भरेल. पण त्याने नामाच्या हातातला माईक घेतला. पुढच्या कडव्याला शांतता पडली आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "धाकलू मामा आला गं!"

जरा उशीर झाला होता. अर्धं वाक्य पुढच्या कडव्यातल्या आजीवर पडलं. त्याच्या पुढच्या वेळी बरोबर जमलं. "धाकलू मामा आला गं!" मिनीडोअरमधली मान हलली नाही, पण फेट्याचा शेमला हलला. त्याच्या पुढच्या वेळी मांडवातल्या पोराटोरांनीही साथ दिली. मामाने एक पाय बाहेर काढला. पुढच्या कडव्याला तो पाय आत घेतला. आता फक्त डाव्या बाजूचे ओरडले होते, उजवे गप्प होते, हे त्याने बरोबर टिपलं होतं!

"समद्यांनी!" दशरथ माईकवर रडकुंडीला येऊन म्हणाला. "पाया पडतो तुमच्या, समद्यांनी!"

शांतता पडली आणि डावे, उजवे, आत्या, डायव्हर, जयवंताकाका, सगळे एका आवाजात गरजले, "धाकलू मामा आला गं!" डोंगरावरचे पक्षी उडाले. धाकलूमामा मिनीडोअरमधून उतरला, फेटा सारखा केला आणि आपण कुठे गेलोच नव्हतो अशा थाटात मांडवात येऊन नाचायला लागला. तेजश्रीला पाटावर बसवलं. हळद लागली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आत्याचं काय? तिने दशरथचा पाय धरून त्याला टेंपोवरून खाली ओढलं. "माझं नाव कधी घेनार?" मग आत्याचं झालं, तर मधल्या चुलत्याचं. मग जावयाचं. जावयाचं घेतलं म्हणून दुसऱ्या जावयाचं. नामाने गाणं सलग तेवीस वेळा वाजवलं आणि त्या प्रत्येक तीन सेकंदांत दशरथ कुणाच्या ना कुणाच्या नावाने ओरडत राहिला. दिवे लागले तेव्हा त्याच्या घशातून फक्त वारा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी मुलगी मांडवात उभी राहायच्या आतच काका दशरथकडे पाहुण्यांना घेऊन आले. काका खुशीत होते. आजवरच्या हळदीत असा रंग कधी भरला नव्हता म्हणे. पाहुण्यांपैकी तिघांना आपापल्या घरी गाणं हवं होतं. त्यांनी आगाऊ पैसे सुनंदाच्या हातात ठेवले. सुनंदाने पैसे पाहिले, दशरथकडे पाहिलं आणि भावाला फोन लावून, सोमवारी ते येत नाहीत, एवढंच सांगितलं. दशरथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला काकांना विचारायचं होतं, गाण्याचा आवाज कसा वाटला? तो अंगावर आला का? तीन आठवडे त्याने त्यासाठी डोळे फोडले होते. पण घसा बसलेला, आणि काका निघून गेले होते.

घरात कुणाला न विचारता त्याने आगाऊ पैशांतून ते सोनेरी प्लगिन पूर्ण किंमत मोजून विकत घेतलं. आता फुकटेपणा नाही, चोरटं काही नाही! पुढच्या घराचं गाणं त्याने आठ दिवस खपून केलं. कुठेही एक क्षणाचा खंड नाही. सगळ्या मामांची नावं खणखणीत, जागच्या जागी. आपल्या आयुष्यातलं हे पहिलं निर्दोष काम, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

हळदीच्या दिवशी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. लोक नाचले, पण टेंपोकडे बघत नाचले. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा नाचणंही थंडावलं. घरधनी टेंपोपाशी आला.

"दशरथभाऊ, गाणं बिघडलंय काय?"

"का? काय झालं?"

"थांबतच नाय! तुमी वरडनार कवा? आमचा मामा सकाळपासून वाट बगतोय."

परवा शब्बीरभाई चहा घेऊन डब्यात आला, तेव्हा दशरथ लॅपटॉपपुढे वाकून बसला होता. बारा वाड्यांची कामं साचली आहेत. पैसे मोजून घेतलेल्या त्या प्लगिनातून अखंड गाणं तयार होतं, आणि मग दर चाळीस सेकंदांतला शेवटचा तीन सेकंदांचा तुकडा दशरथ मापून, हाताने, एकेक करून कापून टाकतो.

"आन् ते अडीच हजाराचं यंत्र काय काम करतं मग?" शब्बीरभाईने विचारलं.

दशरथपाशी उत्तर होतं. पण संध्याकाळी कर्जतला हळद होती, आणि घसा राखून ठेवायचा होता.